पंधरा दिवसांच्या बोलीवर

सहकारनगरात, पिठाच्या गिरणीला लागून जे वाचनालय आहे
तिथल्या पुस्तकांना गव्हाचा वास येतो.
ओगलेबाई प्रत्येक पुस्तक देण्याआधी टेबलावर आपटतात.
पांढरा धूर उडतो,
मग तारखेचा शिक्का.

मी नेतो ती पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतो.
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात
गुलाबी मुखपृष्ठ बरं दिसत नाही.
गोष्ट एकच असते:
दोघं पूर्वी एकमेकांचे होते, आता नाहीत,
आणि कुणाच्या तरी लग्नात
नेमके शेजारी शेजारी जेवायला बसतात.
शेवट मला पहिल्याच पानावर ठाऊक असतो.
म्हणूनच तर नेतो.
शेवट ठाऊक नसलेलं
मी एकदा करून बघितलंय.

पहिल्या प्रेमाच्या कादंबऱ्या माझ्याच्यानं वाचवत नाहीत.
किती ओळख करून द्यावी लागते त्यात!
डोळे कसे, हसू कसं, वडील काय करतात.
दुसऱ्या खेपेला हे काही नसतं.
ती फक्त विचारते, "अजून चहात बिस्किट बुडवून विसरतोस?"
आणि तो कपाच्या तळाशी बघत राहतो.
एवढ्यावर मी हसतो,
चष्मा काढून पुसतो.
बागेतल्या बाकावरच्यांना वाटतं, कव्हरावरची बातमी विनोदी असेल.

आमचं भांडण कादंबरीत बसलं नसतं.
तिसरं कुणी नव्हतं, चोरलेलं पत्र नव्हतं.
गीझर होता, माझी रात्रपाळी होती,
तिचं वाक्य अर्ध्यात सोडून देणं होतं
आणि "मग पुढे?" असं माझं न विचारणं.
शिवाजीनगरच्या कोर्टात अकरा मिनिटांत मिटलं.
बाहेर आलो तर माझी स्कूटर सुरू होईना.
मी किका मारतोय.
हेमांगी हेल्मेट घालून, तिच्या गाडीवर, थांबलेली.
"पेट्रोलचा कॉक बघितलास का?"
"बघितला."
"मग बस मागे."
स्वारगेटपर्यंत सोडलं तिनं मला.
वाटेत एकूण एक सिग्नल हिरवा.
आयुष्यात दुसऱ्यांदा नाही मिळाले तसे.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण:
परवाच्या कादंबरीत, पान एकशे ब्याऐंशी,
नायकाची स्कूटर तिच्या फाटकासमोरच बंद पडते
आणि समासात, शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षर,
"पेट्रोलचा कॉक बघितला का या बाबानं?"

मी ते पान दिव्याखाली धरलं, तिरकं धरलं,
'क'ची शेपटी ओळखीची वाटली, मग वाटली नाही.
मागच्या खिशातल्या कार्डावर नावं नसतात.
माझ्या आधी सभासद क्रमांक तीनशे अठरा.
ओगलेबाई म्हणाल्या, "नाव सांगत नसते मी कुणाचं."
मग शिक्क्याची शाई तपासत, माझ्याकडे न बघता,
"बुधवारी येतात. गिरणीत दळण टाकून."
येतात म्हणजे बाई की बुवा,
आपल्या भाषेतल्या आदरानं तेही कळू दिलं नाही.

आणि पुण्यात समासात चुका काढणारी माणसं काय कमी आहेत?
तीनशे अठरा एखादे निवृत्त मास्तरही असतील,
आयुष्यभर स्कूटर चालवलेले.

तरी रात्री पेन्सिलीला टोक केलं.
आधी लिहिलं, "नसेल बघितला."
खोडलं. चुरा फुंकला.
मग त्या ओळीखाली, शक्य तितकं सुवाच्य:
"बघितला होता. बंद होता.
मीच केला होता."

पुस्तक मुदतीच्या चार दिवस आधी परत दिलं.
ओगलेबाईंनी सवयीनं आपटलं.
"दुसरं काढू?"
"नको. हेच. कुणी नेऊन परत आणलं, की."

येताना वाण्याकडून पाच किलो गहू घेतले.
एकट्या माणसाला पाच किलो कशाला,
असं त्यानं विचारलं नाही.
मीच सांगितलं,
बुधवारी दळायचेत.